मॉनिटरवरचं कोरं कापड

आपा, तुमच्या कम्प्युटरच्या आवाजाचा वेग मी कमी केलेला नाही.

परवा कितीतरी दिवसांनी तुमच्या खुर्चीत बसले. हेडफोन तिथेच होता, डाव्या बाजूचा स्पंज निघालेला. उजवी बाजू तुम्ही कायम कानामागे सरकवून ठेवायचात, कारण उजवा कान फोनचा. एका कानात स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा तो मशिनी आवाज, दुसऱ्या कानात हायवेवरचा कुणीतरी ड्रायव्हर, आणि बोटं कीबोर्डवर. मी टॅबची कळ दाबली. नुसती चिवचिव झाली आणि थांबली. मला एक शब्द कळला नाही. तुम्हाला त्यात गाडीचा नंबर, गाळा, माल, सगळं ऐकू यायचं.

"इतकं भरभर कसं कळतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं होतं.

"तू वाचताना एकेक अक्षरावर बोट ठेवतेस का? मग मी का ऐकू एकेक अक्षर?"

मी हे मराठीत लिहितेय म्हटल्यावर तुम्ही हसला असता. माझी शाळा इंग्रजी, तुमची नगरपालिकेची मराठी. घरी तुम्ही तुमची कोकणी बोलायचात, ड्रायव्हरांशी हिंदी, आणि माझ्याशी ठरवून मराठी. "कामतघरच्या पाटलांच्या पोरीला नजमाने मराठी शिकवायचं. बघ गं बाई, काय दिवस आले," असं सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणायचात. मला लाज वाटायची. पण घरी गेल्यावर तुमचा एखादा शब्द मी मनात पुन्हा म्हणून बघायचे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. ती सांगण्यासाठी सुरुवातीपासून यावं लागेल.

अंजूरच्या या गोदामात मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही डिस्पॅचवर बसत होतात. मी आयटीत. आयटी म्हणजे मी आणि निखिल, दोन टेबलं आणि एक न चालणारा एसी. गेटवर माल भरून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचा गेट पास तुम्ही काढायचात. जुनं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनचं होतं, त्यात माऊस नव्हताच. सगळं कळांवर चालायचं, आणि तुमचा आवाज त्यातली ओळ न् ओळ वाचायचा. कुठल्या कळेनंतर काय येतं ते तुमच्या बोटांना पाठ होतं. पहिले तीन दिवस तर तुम्हाला दिसत नाही हे मला कळलंही नव्हतं. चौथ्या दिवशी तुम्ही भिंतीशी ठेवलेली घडीची पांढरी काठी उलगडलीत तेव्हा कळलं.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. रंगीत, माऊसवर चालणारं, मोठ्या मोठ्या चित्रांच्या बटणांचं. आमचे मॅनेजर भोईरसाहेब, त्यांना फार आवडलं. गेट पास झाला की हिरवी बरोबरची खूण, चुकला की लाल चौकट.

त्या सकाळी तुम्ही टॅब दाबलात आणि आवाज म्हणाला, "बटन." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन." तारखेच्या जागी तर तो काही बोललाच नाही. बाहेर गाड्या हॉर्न देत होत्या. भोईरसाहेब म्हणाले, "आपा, चुकलंय तिथे लाल दिसतंय बघा." एवढं बोलून त्यांनाच कसंसं झालं.

"लाल काय बोलतं साहेब? मला तर काय बोललं न्हाय." तुम्ही हसत म्हणालात. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवलात, आणि हसू गेलं. "ज्याने कोणी हे बनवलंय ना, त्या शहाण्याला इथे आणा. डोळे बांधून बसवा माझ्या खुर्चीत. एक गेट पास काढून दाखव म्हणावं."

मी तुमच्या मागे चहाचा कप धरून उभी होते.

तो शहाणा मी होते, आपा. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, म्हणून सगळंच त्यांनी बनवलंय असं सगळे धरून चालले होते, पण गेट पासची ती स्क्रीन मी बनवली होती. माझं नोकरीतलं पहिलं मोठं काम. चित्रांच्या बटणांना आतून नाव द्यावं लागतं, ते दिलं तरच तुमचा आवाज ते वाचू शकतो, हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. पण कॉलेजात एका तासाला ते शिकवलं होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते सोडलं होतं.

भोईरसाहेब म्हणाले, आपांनी आता फक्त फोन घ्यावेत, पास दुसरं कुणी काढेल. इतकी वर्षं तुम्ही ज्या कामावर बसला होतात ते तुमच्या हातून एका वाक्यात गेलं. तुम्ही "ठीक हाय" म्हणालात. तुमची बोटं मात्र कीबोर्डवरच होती.

तेव्हा मी म्हणाले, "मी बघते काय करता येतं ते." फक्त एवढंच म्हणाले. आणि तुम्ही आवाजाच्या दिशेला वळून म्हणालात, "कोण गं तू? बोलतेस की! मला वाटलं आयटीत दोघंही मुकेच घेतलेत."

तेव्हापासून मी तुमच्यासाठी चांगली मुलगी झाले, आणि तो शहाणा कुणी दुसरा झाला.

काम शिकवायची तुमची पद्धत साधी होती. दुसऱ्याच दिवशी तुम्ही माऊसची वायर उपटून ड्रॉवरमध्ये टाकलीत, मला खुर्चीत बसवलंत आणि आपली ओढणी मॉनिटरवर पसरलीत. "आता काढ पास." मी दहा मिनिटांत घामाघूम झाले. कळ दाबली की मी कुठे पोचले तेच कळेना. एकदा तर मी स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी जाऊन पडले आणि परत येता येईना. तुम्ही शेजारी बसून शेंगदाणे खात होतात. "काय मॅडम, रस्ता चुकलात? रिक्षा बोलवू?"

पुढच्या आठवड्यात तुम्ही भावाच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणलात. नारपोलीत तुमच्या भावाचे कापडाचे लूम आहेत. त्या कापडाला रंग नव्हता, धुलाई नव्हती, खळीचा वास येत होता. "रोज रोज माझी ओढणी कशाला, हे ठेव मॉनिटरवर टाकायला," म्हणालात. तेव्हापासून नवीन काही केलं की मी आधी माझ्या टेबलावर ते कापड टाकून, माऊस काढून, आवाज हळू लावून, कानाने एक पास काढून बघायचे. मग तुम्ही काढायचात. मग तुम्ही माझ्या चुका सांगायचात.

माझी पहिली मोठी चूक आठवते? मी इतकी ओशाळले होते की सगळं समजावून सांगायला गेले. प्रत्येक जागेला लांबलचक नाव दिलं. तुम्ही टॅब दाबलात आणि आवाज सुरू झाला: कृपया येथे गाडीचा संपूर्ण नंबर मोठ्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहा. पुढे टॅब. कृपया येथे ड्रायव्हरचे नाव परवान्यावर आहे तसेच. तुम्ही ते अख्खं ऐकून घेतलंत, हात जोडलेत.

"बाई गं, हे काय, गेट पास हाय की शाळेतली प्रार्थना? गाडी ठाण्याला पोचेल तरी तुझं कृपया संपायचं न्हाय."

"मला वाटलं तुम्हाला सोपं जाईल."

"मी आंधळी हाय, अडाणी न्हाय. 'गाडी नंबर' एवढं म्हण. बस."

निखिल हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी त्या दिवशी सगळी 'कृपया' काढली. तुमच्याशी बोलताना माझ्या आवाजातलं कृपयाही हळूहळू गेलं असावं. नंतर आपण भांडू शकलो ते त्यामुळेच.

एकेक गोष्ट जमत गेली. बटणांना नावं आली. लाल चौकट बोलायला लागली, "गाडी नंबर चुकला" म्हणून. तारखेसाठी मी केलेलं सुंदर कॅलेंडर तुम्ही एका वाक्यात उडवलंत, "आजची तारीख मला माहीत हाय, मला लिहू दे." सगळ्यात शेवटी हिरव्या खुणेला वाचा फुटली. तोपर्यंत प्रत्येक पासनंतर तुम्ही मान वळवून कुणालातरी विचारायचात, "झाला का रे?" ती मान वळवणं मला बघवायचं नाही. ज्या दिवशी आवाज स्वतःहून "पास तयार" म्हणाला, त्या दिवशी तुमची मान वळली नाही. फोनवरच्या ड्रायव्हरला म्हणालात, "निकलो भैया," आणि पुढचा पास घेतलात. थोड्याच दिवसांत भोईरसाहेबांनी डिस्पॅच परत तुमच्याकडे दिलं.

ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी, माझ्या डब्यातली सुकी मासळी. तुम्हाला आवाजावरून माणूस ओळखता यायचा, पण तुम्ही वासावरून माझी भाजी ओळखायचात आणि आईच्या हाताला नावं ठेवायचात. मी कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तुमच्याशी बोलायचे. मी कशी दिसते, काय घातलंय, गप्प का उभी आहे, हे तुम्ही कधी बघणार नव्हतात, म्हणूनही असेल. पण गप्प उभी आहे हे तुम्हाला बरोबर कळायचं.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुम्ही म्हणायचात, हे काम यादीत घाल. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल करून तो चालू करायच्या आधी आम्ही एक यादी तपासतो, सात ओळींची. छपाई नीट येते का, मोबाइलवर दिसतं का, असलं. त्यात आठवी ओळ हवी, माऊसशिवाय पास निघतो का. आणि ती ओळ मी मीटिंगमध्ये मागायची.

"तुम्हीच मागा ना आपा. तुमचं साहेब ऐकतील."

"ऐकतील ना. 'आपांसाठी एवढं करू या,' म्हणतील. मी बोलले तर उपकार होतो. तू बोललीस तर काम होतं."

मला ते कळत होतं. पण मीटिंगमध्ये तोंड उघडणं मला जमायचं नाही. शिवाय ते बोलताना कुणी विचारलं असतं, पहिल्यांदा हे राहिलं कुणामुळे, तर? म्हणून मी दर वेळी स्वतःच गुपचूप तपासत राहिले. यादीत ओळ नाही, पण काम होतंय ना, असं मी स्वतःला सांगायचे.

मग मावसबहिणीच्या लग्नाला मी चार दिवस गेले. त्याच आठवड्यात निखिलने नवीन बदल चालू केला. त्याची चूक नव्हती, त्याच्या यादीत सातच ओळी होत्या. मी परत आले तर तुम्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात आणि तुमच्या शेजारी एका नवीन मुलीला बसवलं होतं, पास काढायला.

"बटन, बटन, बटन," तुम्ही म्हणालात. "आलीस? मेंदी रंगली का?"

मी सॉरी म्हणाले. तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर चिडलात, हळू आवाजात, म्हणून जास्त लागलं.

"तुझं सॉरी नको मला. तू रजेवर गेलीस की मी आंधळी, तू आलीस की मी कामाची. असं कसं चालेल गं? माझे डोळे तू तुझ्या पर्समध्ये घेऊन फिरतेस आणि वर मला वाटतं, किती चांगली पोर."

मी दुपारपर्यंत सगळं नीट केलं. तुम्ही दुपारनंतर पास काढलेत. संध्याकाळी रिक्षात बसताना म्हणालात, "सोमवारी मीटिंग हाय ना? बोल." मी "बघते" म्हणाले. "बघते" हा माझा शब्द. तुम्ही काठीची घडी घातलीत आणि म्हणालात, "तू बघच."

मी सोमवारी बोलले नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही. तुम्ही विचारणं सोडलंत. भाकरी देत राहिलात, पण विचारणं सोडलंत. मधे एकदा सहज म्हणालात, "तो शहाणा, ज्याने पहिल्यांदा बनवलं होतं, आता सुधारला असेल गं. नाय?" मी कापडाची घडी घालत राहिले. तुम्ही पुढचा पास घेतलात. तुम्हाला माहीत होतं का, आपा? हा प्रश्न मी रोज विचारते. माहीत असून मला वेळ देत होतात, की खरंच सहज म्हणालात?

मग ती सकाळ. रिक्षावाला खाली हॉर्न देत राहिला आणि तुम्ही आला नाहीत. हृदय बंद पडलं, असं तुमच्या घरचे म्हणाले.

त्या दिवशी डिस्पॅचचा फोन कुणी उचलेना, म्हणून मी उचलला. एक ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, आपा को दो ना." मी म्हणाले, आपा नाही आहेत. तो म्हणाला, "छुट्टी पे हैं क्या? कब आएँगी?" मला हिंदीत ते वाक्य सापडेना. मराठीतही सापडलं नाही. त्यालाच कळलं. त्याच्या मागे इंजिन चालू होतं. मग म्हणाला, "देखा नहीं कभी। आवाज़ से लगता था, बड़ी बहन है।"

तुमच्या घरी आले तेव्हा कसं बसायचं, काय म्हणायचं, मला काही माहीत नव्हतं. मी बायकांच्या खोलीत दाराशी बसले. शेजारच्यांनी जेवण आणून ठेवलं होतं. तुमच्या भाभी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तू स्नेहल ना? गप्प बसलीस म्हणून ओळखलं." मला पाणी दिलं. "रोज घरी आल्यावर तुझं काहीतरी सांगायची. आज स्नेहलने हे केलं, स्नेहलने ते केलं." मी तिथे त्यांना सांगायला हवं होतं की स्नेहलने आधी काय केलं होतं. मी पाणी प्यायले आणि उठले. दाराजवळ तुमची काठी घडी घालून ठेवलेली होती.

दोन आठवड्यांनी मीटिंग झाली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येणार होती, सगळ्या स्क्रीन पुन्हा बनणार होत्या. भोईरसाहेब वाईट माणूस नाहीत. ते खरंच हळहळून म्हणाले, "आणि ते कीबोर्डचं, आवाजाचं, ते आता ठेवायची गरज नाही. आपा गेल्या बिचाऱ्या. तेवढाच आयटीचा वेळ वाचेल."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखाली हात घट्ट धरले.

"सर, ते आपांसाठी नव्हतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ते माझं काम होतं. मी पहिल्यांदा ते केलंच नव्हतं. बटणांना नावं मी दिली नव्हती. त्या सकाळी त्यांना पास काढता आला नाही तो माझ्यामुळे. नंतर जे केलं ती दुरुस्ती होती." मला श्वास घ्यावा लागला. "उद्या डिस्पॅचला कुणीही येईल. त्याला दिसत नसेल तर त्याने आधी सगळ्यांना सांगत बसायचं का? यादीत आठवी ओळ पाहिजे, सर. माऊसशिवाय पास निघत नसेल तर आवृत्ती चालू करायची नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "ते तू बनवलं होतंस? आपांना माहीत होतं?"

मी म्हणाले, "सांगितलं नाही."

"हं," ते म्हणाले. मग चष्मा परत लावून, "घाल ओळ."

इतकंच झालं, आपा. दीड वर्ष जे तुम्हाला सांगता आलं नाही ते मी पाच माणसांसमोर, ट्यूबलाइटखाली, दोन मिनिटांत सांगितलं. चुकीच्या माणसांना सांगितलं, आणि उशिरा सांगितलं. आता तुम्हाला सांगते. तो शहाणा मीच. मला डोळे बांधून तुमच्या खुर्चीत बसवायचं होतं ना, ते तुम्ही दुसऱ्याच दिवशी केलंत. तेवढ्याबद्दल माझे आभार घ्या. बाकी क्षमा वगैरे मागत नाही, तुम्ही म्हणाल, तुझं सॉरी नको मला.

ती ओळ टाइप करताना त्यात तुमचं नाव घालावं असं फार वाटलं. 'नजमा आपांची तपासणी' असं लिहिलंही. मग पुसलं. नाव राहिलं असतं तर तो पुन्हा उपकार झाला असता, आणि नाव विसरल्यावर लोकांनी ओळही काढली असती. आता नुसतं लिहिलंय: माऊस काढून, स्क्रीन झाकून, एक गेट पास पूर्ण करणे. पुढे खूण करायला चौकोन.

नवी आवृत्ती चालू व्हायची होती त्या आठवड्यात मी मुद्दाम रजा टाकली. चार दिवस. घरी बसून होते. लॅपटॉप ऑफिसातच ठेवला होता आणि निखिलला एकही फोन केला नाही. आई म्हणाली, तब्येत बरी नाही का. चारही दिवस माझ्या कानात बटन, बटन, बटन चालू होतं.

परवा कामावर गेले. कुणाशी न बोलता आधी तुमच्या खुर्चीत बसले. तुमच्याच वेगात एक पास काढला. नवी स्क्रीन होती, जागा बदललेल्या होत्या. आवाज भरभर बोलत होता आणि मला कळत नव्हतं, पण तो प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळं बोलत होता, कुठेही तेच तेच नव्हतं आणि कुठेही गप्प नव्हता. शेवटचे दोन शब्द तेवढे मला कळले. पास तयार.

मग आमच्या खोलीत येऊन यादी बघितली. आठव्या ओळीपुढे खूण होती. कोरं कापड मी नेहमी चौकोनी घडी घालून माझ्या मॉनिटरवर ठेवते. ते मॉनिटरवर नव्हतं. निखिलच्या खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं, कसंही चुरगळून.